आमच्या खात्यात सगळे बाथरूममध्येच पडतात

मी निगमची, म्हणजे महापालिकेची, कचरा गाडी चालवतो. कोणत्या निगमची ते विचारू नका. भिलाई-दुर्गच्या या पट्ट्यात निगम काही एकच नाही, आणि मला अजून नोकरी करायची आहे. इतक्या वर्षांत आमच्या गाडीवरून कोणी पडलेलं नाही, कोणाच्या पायावरून चाक गेलेलं नाही, कोणाचं बोट मागच्या झाकणात चेपलेलं नाही. निदान कागद तसं म्हणतो. आमच्याकडे ज्याला लागतं, तो बाथरूममध्ये पडलेला असतो.

पाण्याच्या टँकरवरून पडून एकाच्या खांद्याचं हाड मोडलं. सुपरवायझरनं दवाखान्यात सांगितलं, बाथरूम में फिसल गया. नाली साफ करणाऱ्या एका मजुराचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्रा. आंघोळ सार्वजनिक नळावर, चड्डी घालून, साऱ्या मोहल्ल्यासमोर. तोसुद्धा बाथरूममध्ये पडला! हळूहळू आमच्या शेडमध्ये तो शब्दच झाला. सकाळी हजेरीला उभे राहिलो की कोणीतरी विचारणार, "आज किसका बाथरूम हुआ?" आणि आम्ही हसणार. निर्लज्ज होऊन हसायचो.

खरं लिहिलं तर पोलिसांत जातं, चौकशी लागते, साहेबाला वर जाब द्यावा लागतो आणि माणसाला पगारी सुट्टी द्यावी लागते. बाथरूमला काहीच लागत नाही. ज्याचं बाथरूम, त्याचं नशीब. शेडच्या गेटवर बोर्ड आहे, त्यावर किती गाड्या बाहेर, किती दुरुस्तीला, हे रोज खडूनं लिहितात. दुर्घटनेपुढचं शून्य मात्र ऑइल पेंटनं काढलेलं आहे. छान गोल काढलंय पेंटरनं.

मला या गोष्टीचा जास्तच राग येतो, त्याला कारण माझं घर. वडील रेल्वेत होते, नागपूरकडून बदली होऊन दुर्गला आले आणि इथेच राहिले. यार्डात डबे जोडताना त्यांचं एक बोट गेलं. रेल्वे म्हणजे काही देवमाणसांची टोळी नव्हे, पण बोट गेलं ते यार्डात गेलं असं लिहिलं गेलं. वडील आम्हाला सांगायचे, "लागलं तं पयले लिहून घ्या, रडजा मंग." असल्या घरात वाढलेल्या माणसाला हे बाथरूम पचणार कसं?

आता एका बाईंचं सांगतो, कारण सगळं त्यांच्यापायी आहे. माझ्या गाडीवर त्या हेल्पर. मरोद्याला राहतात, माहेर-सासर दोन्ही तुमसरकडचं. त्यांचा नवरा स्टील प्लांटमध्ये ठेक्यावर होता, कंबर गेल्यापासून घरी पडून असतो. घर त्यांच्या एकटीच्या कमाईवर. मी त्यांना वहिनी म्हणतो, त्या मला भाऊ म्हणतात. तोंडानं फटकळ, पण कामाला वाघीण. लोक बादलीत काय काय टाकतात ते लिहिलं तर तुम्ही जेवणार नाही. ओलं, सुकं, बाळाचे लंगोट, फुटकी काच, सगळं एकत्र. वहिनी हातानं निवडायच्या आणि घरमालकिणीला ऐकवायच्या, "बाई, आमी बी मानसंच हावो नं!" कचऱ्याची किळस मला पहिल्या महिन्यातच संपली होती. माणसांची किळस नंतर सुरू झाली.

आमच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी एक सीट होती. ती काढून तिथे लाऊडस्पीकरचा डबा आणि बॅटरी बसवली, कारण स्वच्छतेचं गाणं वाजलं पाहिजे. मग हेल्परनं बसायचं कुठे? मागे. खात्यानंच सगळ्या गाड्यांना मागे लोखंडी पायदान वेल्डिंग करून दिलं, धरायला एक रॉड दिला. आणि त्याच पायदानाच्या वर, लाल अक्षरांत लिहिलं: पायदान पर खड़े होना सख्त मना है. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं पेंटर दारू पिऊन आला असावा. नाही हो, तो नियम होता. चित भी मेरी, पट भी मेरी.

सुरक्षा सप्ताहाचं तर नावच काढू नका. दरवर्षी नारिंगी जॅकेट, हेल्मेट, हातमोजे निघतात, आम्ही रांगेत उभे राहतो, फोटो होतो, आणि साहेबाची गाडी गेटबाहेर गेली की हेल्मेट, हातमोजे परत गोदामात. निगमचं नाव छापलेलं जॅकेट तेवढं अंगावर राहतं. बायकांना गमबूट मिळाले ते पुरुषांच्या मापाचे. वहिनी त्यात फडकी कोंबून घालायच्या.

त्यांचा रॉड ढिला झाला होता. मी सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, करवाते हैं. परत सांगितलं. म्हणाला, वेल्डर छुट्टी पर है. मी तारेनं बांधून घेतला. तार ती तारच, किती टिकणार?

थंडीचे दिवस होते. सकाळची फेरी चालू होती, कंट्रोल रूमचा फोन येऊन गेला होता की गाडी लेट आहे. एका स्पीड ब्रेकरवरून गाडी गेली, अजिबात जोरात नव्हती, आणि मागे खणकन आवाज झाला. आरशात पाहिलं तर वहिनी नव्हत्या. उतरून धावलो. त्या रस्त्यावर कुशीवर पडलेल्या, रॉड अजून मुठीत, आणि डावा हात कोपराखाली असा वळलेला की मला बघवेना. गुडघे खरडलेले, त्यात डांबराचे खडे रुतलेले.

"वहिनी! वहिनी, बोला!"

"बोलून राह्यली नं, मेली नाही मी," त्या म्हणाल्या. मग माझी बाही धरली. "भाऊ, माही हजेरी नाही नं कापनार?"

हात मोडलाय आणि बाईला हजेरीची पडलीय! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण रागावणार कोणावर? मी त्यांना ऑटोत घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. सुपरवायझरला फोन केला. रॉडसाठी ज्याला वेळ नव्हता, तो स्कूटरवर आमच्या मागोमाग पोचला.

आणि त्यानं काय केलं सांगू? पाणी नाही विचारलं. कसं वाटतं नाही विचारलं. बाकावर बसलेल्या त्या बाईच्या अंगावरचं नारिंगी जॅकेट काढायला लागला. एक हात मोडलेला, त्या कळवळतायत, "हळू, हळू" म्हणतायत, आणि हा बाही ओढतोय. मला आधी वाटलं जखम बघतोय. मग त्यानं जॅकेटची घडी केली, निगमचं नाव आतल्या बाजूला राहील अशी, आणि बाहेर जाऊन स्कूटरच्या डिकीत ठेवून आला. परत येऊन कानात सांगतो, "बाई, पूछेंगे तो बोलना बाथरूम में गिरी. बाकी मैं देख लूँगा." थू! आजही तो हात त्या बाहीवर आठवला की मला शिसारी येते. इतक्या वर्षांत नाल्यातली मेलेली जनावरं उचलली मी, असं कधी झालं नाही.

डॉक्टर तरुण मुलगी होती. रात्रभराची जागलेली दिसत होती. "कैसे गिरीं?"

वहिनींच्या आधी सुपरवायझर बोलला, "बाथरूम में, मैडम."

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यातले खडे पाहिले, मग खाली पायांकडे पाहिलं. जॅकेट काढलं होतं शहाण्यानं, गमबूट विसरला होता. "बाथरूम में गमबूट पहन के जाती हैं आप?"

सुपरवायझर दात काढून हसला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मैडम, निगमच्या गाडीवरून पडल्या. ड्यूटीवर होत्या. गाडी मी चालवत होतो." माझं हिंदी-मराठी एकत्रच आलं, पण त्यांना कळलं. त्यांनी लिहिलं, आणि पोलिसांना कळवावं लागेल म्हणाल्या.

बाहेर येताच सुपरवायझरनं माझी कॉलर धरली नाही इतकंच. "हरिश्चंद्र बन रहा है? गाड़ी तू चला रहा था. केस किस पे बनेगा? तेरे पे!" मी म्हटलं, बनू दे. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात, डोकं फिरलं होतं. घरी बायकोनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "तुमाले कावून पायजे होती ही पंचाईत?" ती म्हणाली. दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मग चौकशी. साहेबाच्या केबिनमध्ये एसी चालू, थंडीत. टेबलावर समोसे. वहिनी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून उभ्या. खुर्ची कोणी दिली नाही, मीच एक ओढली तर चपराशानं डोळे वटारले.

"पायदान पे खड़े होना मना है, लिखा है ना गाड़ी पे?" साहेब म्हणाला.

"लिखा है, साहब," मी म्हणालो. "पण पायदान लगाया किसने?"

"वो अलग विषय है."

"आणि सीट किसने निकाली?"

"वो भी अलग विषय है." समोशाचा तुकडा चटणीत बुडवून तो वहिनींकडे वळला. "देखो बाई, सेफ्टी अपने ही हाथ में होती है."

त्यांचा हात गळ्यात लटकत होता आणि हा तोंडानं असं बोलत होता! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. ज्या बाईनं अख्ख्या वॉर्डातल्या घरमालकिणींना ऐकवलं, ती तिथे फरशीकडे पाहत उभी राहिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पण दवाखान्याचं लिहिलेलं होतं, पोलिसांचं लिहिलेलं होतं, ते काही त्यांना पुसता आलं नाही. शेवटी मान्य झालं: ड्यूटीवर लागलं. वहिनींना पगारी सुट्टी मिळाली, उपचाराचा खर्च खात्यानं केला. मला एक चेतावणीचा कागद मिळाला आणि पोलिसांत दोन-चार चकरा झाल्या, एवढ्यावर निभावलं. मला कोण आनंद झाला. मरोद्याला वहिनींच्या घरी पेढे घेऊन गेलो, त्यांच्या नवऱ्यानं पडल्या पडल्या हात जोडले. वाटलं, चला, जगात थोडं तरी न्यायाचं उरलं आहे. शेडमध्ये दोन-तीन जणांनी पाठ थोपटली. आता कोणाचं बाथरूम होणार नाही म्हणाले.

काही दिवसांनी सकाळी शेडमध्ये गेलो तर गॅस कटरच्या ठिणग्या उडत होत्या. वेल्डर सुट्टीवरून आला होता बरं का! एकेका गाडीचं पायदान कापून काढत होता, सगळ्या गाड्यांचं. साहेब हेल्मेट घालून जवळ उभा, फोटो चालू. सुरक्षेसाठी तातडीची कारवाई म्हणे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मी विचारलं, "तो हेल्पर बैठेगा कहाँ?" सुपरवायझर म्हणाला, "बैठने का क्या है? पैदल चलेगा. हेल्थ के लिए अच्छा है." सीट काही परत आली नाही. लाऊडस्पीकर जागचा हलला नाही. फेरीची वेळही तीच राहिली.

तेव्हापासून आमच्या साऱ्या बायका गाडीमागे धावतात. चालून भागत नाही, घरं लांब लांब आहेत, आणि मी हळू चालवली की कंट्रोल रूमचा फोन येतो. पायदान धोक्याचं होतं, मी कुठे नाही म्हणतो? पण दोन घरांमध्ये दम तरी घेता यायचा. दुसऱ्या गाडीवरच्या एका म्हाताऱ्या बाईनं मला शेडमध्ये सगळ्यांसमोर सुनावलं, "बड़े आए सच बोलने वाले! हमारे पाँव तोड़ दिए तुमने." मी चहाचा ग्लास ठेवला आणि गाडीत जाऊन बसलो.

प्लास्टर निघाल्यावर वहिनी कामावर आल्या. हात पुरता वळत नव्हता. पहिल्याच दिवशी उन्हं वर आली आणि त्या मागे धावताहेत, एका हातानं बादली, दुसरा छातीशी धरलेला, बुटांचा फटक फटक आवाज. मी आरशात पाहत होतो. फोन वाजला, गाडी लेट है. मी शिवी घातली, फोन बंद केला आणि भर रस्त्यात गाडी थांबवली. उतरून मागे गेलो. त्या गाडीला टेकून श्वास घेत होत्या. तोंड घामानं भिजलेलं.

"वहिनी," मी म्हणालो, "मी यांना सोडणार नाही. उद्याच वर लिहून देतो. कमिश्नरपर्यंत जातो."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या, घरी पाणी मागावं तशा.

"भाऊ, या बारीनं मले इचारून बोलजा."