आईच्या बाजूचं मीटर

गाडीच्या पाण्याचा ताप दाखवणारं मीटर कुठे बसवायचं, यावर आमच्या मुलुंडच्या घरात जेवढा खल झाला, तेवढा पुढे माझ्या लग्नाच्या वेळीही झाला नाही. बाबांची गाडी म्हणजे त्यांच्या ऑफिसातल्या गोऱ्या साहेबाने मायदेशी परतताना मागे ठेवलेली एक काळी, म्हातारी विलायती मोटार. आग्रा रोडने कसाऱ्यापर्यंत ती शहाण्यासारखी जायची आणि पुढे घाट लागला की अंगात आल्यासारखी वाफा सोडायची. आईचं माहेर नाशिकचं, त्यामुळे घाट काही चुकत नव्हता. एकदा इंजिन इतकं तापलं की बैल जोडून गाडी खाली आणावी लागली. बाबांची थोरली बहीण, आमची आत्या, लहान वयात विधवा होऊन आमच्याकडेच राहायला आलेली. बैल जोडले त्या दिवसापासून ती गाडीला 'चूल' म्हणायला लागली.

मग बाबांनी चोरबाजारातून मीटर आणलं. एक तबकडी, तिच्यातून निघालेली सुतळीएवढी तांब्याची नळी आणि नळीच्या टोकाला पितळेचं बोंड. बोंड गाडीच्या पाण्यात बुडवायचं, पाणी तापलं की तबकडीवरचा काटा चढतो. नळीत ईथर भरलेलं असल्यामुळे ती कापता येत नव्हती की जोड देऊन वाढवता येत नव्हती. सगळी पंचाईत तिथेच होती.

घाटकोपरच्या गॅरेजवाल्याला बोलावून बाबांनी रविवारी बॉनेट उघडलं आणि दोघांनी डोकं आत घातलं. रेडिएटरच्या वरच्या टाकीला भोक पाडावं, तर टाकी आधीच कथलाचे डाग देऊन देऊन कशीबशी उभी होती. खालच्या पाइपात बोंड बसवलं तर नळी ड्रायव्हरसमोर पोचत होती, पण तिथे रेडिएटरमधून गार होऊन आलेलं पाणी. वर इंजिन पेटलं तरी काटा झोपलेलाच राहणार. खरी जागा वरच्या पाइपाची, इंजिनातून तापलेलं पाणी जिथून बाहेर पडतं ती. तो रबरी पाइप मधे कापून पितळेचा तुकडा घालायचा आणि त्यात बोंड आवळायचं. फक्त उजव्या अंगाला, ड्रायव्हरच्या बाजूला, धुराचा तापणारा पाइप, तिकडून नळी नेता येईना. डावीकडून नेली, तर ती डाव्या सीटसमोर संपत होती.

"खोटं मीटर माझ्यासमोर असण्यापेक्षा खरं मीटर तिच्यासमोर असू दे," बाबा म्हणाले.

ती म्हणजे आई. आजवर पुढच्या सीटवर मानाने आत्या बसायची आणि आई मागे, आम्हा दोघा भावंडांच्या आणि डब्यांच्या मधे. पण आत्याला मोतीबिंदू. तिला काटा दिसणं शक्य नव्हतं. शेवटी आई पुढे आली आणि आत्या मागे गेली. "आता नवऱ्याशेजारी मिरवा," एवढं आत्या बोललीच. तिने ते न बोलणं शक्यच नव्हतं.

आईला इंग्रजी आकडे वाचता येत नव्हते. बाबांनी काचेवर बोट ठेवून 'इथे काटा टेकला की सांगायचं' असं दाखवलं. आईने जरा विचार केला, कुंकवाच्या करंड्यातलं मेण आणलं, त्या जागी टिंबाएवढं लावलं आणि त्यावर कुंकू टेकवलं, अगदी स्वतःच्या कपाळावर लावायची तसं. उन्हाने मेण पाघळायचं, म्हणून प्रत्येक वेळी निघताना ती आधी आपलं कुंकू नीट करायची आणि मग गाडीचं.

घाटात ती काचेवरून नजर हलवत नसे. बाहेर दरी असो, माकडं असोत, आम्ही मागे भांडत असू, तिचं लक्ष काट्यावर. "अहो, टेकला," ती म्हणायची. बाबा लगेच गाडी बाजूला घ्यायचे. एका वळणावर करंजाचं झाड होतं, बहुतेक वेळा काटा तिथेच टेकायचा. बाबा बॉनेट उघडून ठेवायचे, फिरकीच्या तांब्यातलं पाणी पहिल्यांदा आईला द्यायचे आणि मग दोघं झाडाखाली बसायची. काय बोलायची कोण जाणे. आमच्या घरात आईच्या शब्दाने थांबणारी तेवढी एकच गोष्ट होती, म्हणून मला ते वळण फार आवडायचं.

बाबा पोटाच्या ऑपरेशनसाठी म्हणून दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत. ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर आई बसलेली होती आणि दार उघडलं की आतून भूल द्यायच्या ईथरचा गोडसर, डोकं चढवणारा वास येत होता. पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. करंडा फळीवरून नाहीसा झाला. आत्याने स्वतः आईचं कपाळ पुसलं आणि पुसताना ती आईपेक्षा जास्त रडली, हेही सांगायला हवं.

काही दिवसांनी आईला एकदा माहेरी नेऊन आणायचं ठरलं. तशी पद्धत होती. गाडी आता दादा चालवणार होता; तो भांडुपच्या कारखान्यात नुकताच लागला होता. आत्या म्हणाली, "तिने आता मागे बसावं. पुढे बसून साऱ्या रस्त्याला कपाळ दाखवायचं का?" आई म्हणाली, "बरं, वन्सं." मला इतका संताप आला की मी ताट तसंच टाकून उठले. दादा मात्र सकाळी पाने-पकड घेऊन गाडीत शिरला. आई मागे बसणार, तर मीटर त्याच्यासमोर हवं. बोंड त्याने वरच्या पाइपातच ठेवलं. नळीची वेटोळी सरळ करून धुराच्या पाइपाला लांबून वळसा देता येईल, असं त्याला वाटलं.

नळी तुटली. आवाजसुद्धा झाला नाही. फक्त ईथरचा वास पसरला. आई तुळशीला पाणी घालत होती, ती तिथेच थांबली. तांब्या हातात तसाच. तिने पदर नाकाला लावला नाही, उलट तो वास ओढून घेत ती गाडीपाशी आली. काटा तळाला पडला होता. काचेवरचं मेण वाळून पिवळं झालं होतं आणि त्यावर लाल असं काही उरलं नव्हतं.

"आई, मी नवीन आणतो गं," दादा म्हणाला.

"नको रे," आई म्हणाली. "असू दे." आणि आत गेली.

दादा बराच वेळ गाडीत बसून होता. मग त्याने ती मेलेली तबकडी परत डाव्या सीटसमोर, जुन्याच भोकात आवळली. माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "करंडा कुठे ठेवलाय गं?" मी माझ्या ट्रंकेतून काढून दिला. त्याने मेण लावलं, कुंकू टेकवलं. त्याच्या जाड बोटाने टिकली वाकडी झाली. मग मागचं दार उघडून तो म्हणाला, "आत्या, तू बस. आई पुढे बसेल. काटा बघायला कोणीतरी पाहिजे ना."

आत्याला त्या दिवशी खरंच काही दिसलं नाही की तिने दिसू दिलं नाही, मला माहीत नाही. ती मागे चढली.

कसारा मागे पडला, चढ लागला. आई पूर्वीसारखीच काचेकडे बघत होती. काटा तळाशी पडलेला मला मागूनही दिसत होता. दादा अंदाजाने, जपून चालवत होता आणि गाडी तापलेली नव्हती. करंजाचं वळण आलं.

"टेकला," आई म्हणाली.

दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. गाडी बाजूला घेतली, उतरला, बॉनेट उघडून ठेवलं आणि फिरकीचा तांब्या घेऊन तिच्या दाराशी आला. आईने पाणी घेतलं. मग एकटीच झाडाखाली जाऊन बसली, शेजारी थोडी जागा सोडून.

मी उतरायला लागले, तशी आत्याने माझा हात घट्ट धरला. "बसू दे तिला," ती म्हणाली. "इंजिन गार होऊ दे."