नावावर पट्टी

वाघमोडे सर लेखकाचं नाव वाचायचे नाहीत. ते संपादक असलेल्या शोधपत्रिकेसाठी आलेला लेख मी छापून काढायचा, लेखकाच्या आणि कॉलेजच्या नावावर जुन्या कॅलेंडरच्या कागदाची पट्टी चिकटवायची, कोपऱ्यात क्रमांक टाकायचा आणि मगच तो सरांच्या टेबलावर ठेवायचा. कोणता क्रमांक कुणाचा, ते फक्त माझ्या वहीत. "नाव बघितलं की डोळे मऊ होतात रे," सर म्हणायचे. "आपण कागद वाचावा. माणूस काय, चहाला भेटतोच की."

धाराशिवला त्यांच्याच कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. वडील ढोकीला उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझा पहिला लेख सरांनी चार वेळा परत केला. चौथ्यांदा मी रडकुंडीला आलो, तेव्हा म्हणाले, "तोंड कशाला पाडतोस? पाचव्यांदा आण. मी कुठं पळून चाललोय?" लिहायचं कसं, हे मला त्या परत आलेल्या कागदांनी शिकवलं.

आमच्या भागातल्या शोधपत्रिकांच्या संपादकांचा एक संघ आहे. सर त्याचे सचिव होते. पट्टीची पद्धत त्यांनीच संघाच्या नियमांत घातली होती.

एकदा अकरा क्रमांकाचा लेख आला. परंड्याच्या किल्ल्यातल्या एका शिलालेखाचं वाचन, सात ओळींचं. सर मूळचे परंड्याचे. रविवारी एसटीनं जाऊन ते त्या दगडासमोर उभे राहिले. सोमवारी म्हणाले, "पाचच ओळी हाईत. ह्यानं दगड बघितलेलाच न्हाई. परत पाठव."

तो लेख संघाच्या अध्यक्षांचा होता. मला माहीत होतं, सरांना नव्हतं.

संघाच्या वार्षिक बैठकीला सर मलाही सोबत घेऊन गेले होते. तिथं अध्यक्ष उभे राहिले. "वाघमोडे, नाव बघूनच लेख परत केलात तुम्ही. मत्सर हो, दुसरं काय!"

"पट्टी हा चिकटवतो," सर शांतपणे म्हणाले. "ह्यालाच विचारा."

"चेल्याला काय विचारायचं?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले आणि मग माझ्याकडे बघू लागले. अध्यक्षही बघत होते. माझ्या कायम नोकरीच्या मुलाखतीला समितीवर तेच बसणार होते.

मी म्हणालो, "पट्टी लावली होती की नाही... मला नक्की आठवत नाही."

सरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्याच बैठकीत त्यांचं सचिवपद गेलं, पट्टीचा नियमही गेला. जिन्यात गाठ पडली. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "मुलाखत कधी हाय तुझी?"

"सोमवारी, सर."

"कागदपत्रं नीट लावून ने. लई घाई करतोस तू."

मला नोकरी लागली. अध्यक्षांचा लेख सातही ओळींसह छापून आला. सर निवृत्त होऊन परंड्याला गेले आणि तिथंच वारले. मी एकदाही गेलो नाही.

संघानं शोकसभा ठेवली. सरांचा लाडका विद्यार्थी म्हणून मलाच बोलायला लावलं. त्यांचा साधेपणा, त्यांची शिस्त, सगळ्यावर बोललो. त्या बैठकीबद्दल अवाक्षर काढलं नाही. लोकांनी डोळे पुसले. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लिहून द्या हे. पुढच्या अंकात घेऊ. तुमचं नाव आहे म्हटल्यावर तपासायचं काय त्यात!"

मी लिहून दिलं. कुणीही न वाचता ते छापलं गेलं.