मधुभाऊंचा शोध थांबेना

कॉपी व्हायचे उरले तीनशे एमबी. मग दोनशे. मग पुन्हा पाचशे.

"आता काय झालं?" शोभाताईंनी विचारलं.

"वाढलं."

"काऊन?"

"तेच तर कळत नाही हो!" मी खेकसलोच. शोभाताई रक्तपेढीच्या जुन्या सिस्टर. त्यांच्यावर खेकसायची हिंमत एरवी कोणी करत नसे.

दोन हजार नऊचा मे महिना, वर्ध्यातली एक लहानशी रक्तपेढी, भर दुपार. मी नागपूरच्या एका कंपनीत सिस्टिम इंजिनीयर, राहायला बोरगाव मेघेत. रक्तपेढीच्या जुन्या सर्व्हरचा पंखा सकाळी जळाला होता. समोर कूलर लावून त्याला कसाबसा जिवंत ठेवला होता. तासाभरात तो तापून बंद पडणार हे नक्की.

बंद पडला तर नव्या सर्व्हरवर चालू करायचं, एवढं सोपं नव्हतं. रक्तदात्यांच्या यादीचा प्रोग्राम इथलंच कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या मधुभाऊंनी लिहिला होता. सुरू होताना तो पासवर्ड मागायचा आणि बॅकअपलाही तेच कुलूप. पासवर्ड एकट्या मधुभाऊंना ठाऊक. आणि मधुभाऊ नऊ दिवसांपूर्वी इथेच, आपल्या टेबलावर काम करता करता, हार्ट अटॅकनं गेले होते. शेजारच्या दवाखान्यात निगेटिव्ह गटाची एक बाई संध्याकाळच्या सिझरसाठी दाखल होती. तापलेल्या सर्व्हरवर यादी उघडत नव्हती, आणि प्रोग्राम पडला असता, तर तिच्या गटाचे दाते कोणत्या गावात आहेत हे सांगायला कोणीच उरलं नसतं.

तो प्रोग्राम व्हर्च्युअल मशीनमध्ये चालायचा. म्हणजे सर्व्हरच्या पोटातला एक कॉम्प्युटर. हे मशीन चालू ठेवूनच दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतं. त्याची मेमरी पानापानानं कॉपी होते. तेवढ्यात मशीन ज्या पानांवर नवं लिहितं, ती पुन्हा न्यावी लागतात. शेवटी अगदी थोडी उरली की क्षणभर मशीन थांबवून तेवढी उचलायची, झालं.

"लिहिलेलं पान तुमाले कसं समजते?" शोभाताईंनी विचारलं.

मी मधुभाऊंच्या टेबलाकडे बोट दाखवलं. माणूस जिथे गेला तिथे ठेवतात तसा स्टाफनं थाळीत पीठ पसरून वर दिवा ठेवला होता. तेरवीपर्यंत तो विझू द्यायचा नव्हता. त्यांचा कॉम्प्युटरही शोभाताईंनी कोणाला बंद करू दिला नव्हता. गेलेला माणूस येऊन गेला की पिठावर खूण उमटते म्हणतात.

"तसंच हे, ताई. मेमरीवर पीठ पसरायचं. कोणी चाललं की खूण दिसते."

"मंग आता कोण चालून राह्यलं?"

मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांना मी कीबोर्डवरून कधीच उठवलं होतं.

मी मधुभाऊंच्या स्क्रीनचं बटण दाबलं. मधोमध एकच ओळ लुकलुकत होती: शोध चालू आहे. खाली गट: बॉम्बे. फार दुर्मिळ रक्तगट.

"बाई गं!" शोभाताई बाजूच्या खुर्चीत बसल्या. "रोहणा गावची पोरगी होती. तिच्यासाठीच रक्त धुंडून राह्यले होते ते, गेले तेव्हा."

दाता सापडेपर्यंत थांबायचं नाही, असाच तो शोध लिहिलेला. दात्यांची अख्खी यादी त्या मशीनच्या मेमरीत घेऊन प्रत्येक नावापुढे खूण करायची, पुसायची, पुन्हा पहिल्यापासून. नऊ दिवस, पूर्ण वेगानं. पंखा उगाच जळला नव्हता. शोध थांबवायचं बटण दाबलं तर त्यानं पासवर्ड मागितला. घ्या!

नागपूरला साहेबांना फोन लावला.

"अरे, कॅप लाव," ते म्हणाले. "तो जेवढ्या वेगाने लिहितोय तेवढ्या वेगाने तुझी केबल नेऊ शकत नाही. केबल वाढणार नाही, तर लिहिणाऱ्याचा हात आवळ. पण पाच टक्क्यांच्या खाली नको. मशीन एवढं मंद होईल की प्रोग्राम स्वतःच मान टाकेल."

कॅप म्हणजे व्हर्च्युअल प्रोसेसरला वेळ तोलून देणं. पन्नास टक्के दिला. आकडा चारशेवर. वीस दिला, दोनशे. पाच दिला, साठ. आणि साठवरच अडला. स्क्रीनवरचं घड्याळ एक सेकंद पुढे जायला बराच वेळ घेत होतं. सर्व्हर शिट्ट्या मारायला लागला. खरं सांगतो, मी भ्यालो होतो.

शोभाताई उठल्या. मधुभाऊंच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. पिंडाला कावळा शिवेना की घरचं माणूस हात जोडून बोलतं ना, तशाच.

"भाऊ, रोहण्याच्या पोरीले रक्त भेटलं. नागपुरातून आलं, तुमी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. पोरगी घरी गेली, चांगली हाय. तुमाले सांगाचं राहून गेलं आमचं. आता थांबा."

साठ. चाळीस. अकरा. शून्य.

मशीन नव्या सर्व्हरवर उभं राहिलं. जुना सर्व्हर दोनच मिनिटांत खट्कन बंद पडला. मी कॅप काढली, शोभाताईंनी निगेटिव्ह दात्यांची यादी उघडली आणि आंजी गावातल्या एका माणसाला फोन केला. तो मोटरसायकलवर आला. संध्याकाळी मुलगी झाली.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: कॅप पाच टक्के, मायग्रेशन यशस्वी. साहेब खूश. पुढे तीन महिने बसून सगळी यादी नव्या प्रोग्राममध्ये हातानं उतरवली, आणि पासवर्ड दोघांकडे ठेवायचा नियम झाला.

एक गोष्ट रिपोर्टमध्ये नव्हती. सगळं आवरल्यावर मी मधुभाऊंच्या स्क्रीनवर पाहिलं. शोध चालू नव्हता. पडलेलाही नव्हता. ओळ होती: शोध थांबवला, पासवर्ड बरोबर.

शोभाताई थाळीवर वाकून पीठ बघत होत्या. "या, पाहा," म्हणाल्या. मी बॅग उचलली आणि निघालो. पीठ काही पाहिलं नाही.

त्यानंतर कुठल्याही ऑफिसात कामाचा माणूस गेल्याचं कळलं, की पासवर्डआधी मी एकच विचारतो: त्याचं अर्धवट काम पुरं झालं असेल, तर ते त्याला कोणी सांगितलं का?