डाईंगमधले पाच आवाज

अमावास्या, वडाचं झाड, पांढरी साडी शोधत असाल तर... सॉरी हां, पान उलटा. माझ्या गोष्टीत दुपारचे साडेबारा वाजलेत, ऊन कडक आहे आणि मी पिठाच्या गिरणीत डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. भूत कोणी असेल तर मीच! असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता – उलट पोरांना घाबरवायला भुताचे आवाज मीच काढायचो. फर्स्ट इयरला होतो. बोईसरमध्ये मला सगळे 'टेप' म्हणायचे. हेडमास्तर, कंडक्टर, मासे विकणारी मावरंवाली मावशी... एकदा ऐकलं की झालं.

आमची गिरणी जुन्या डाईंगच्या शेडमध्ये. डाईंग म्हणजे कापड रंगवायचा कारखाना. मी लहान असताना बाहेरच्या गटाराचं पाणी आज लाल तर उद्या हिरवं. मग कारखाना बंद पडला, गेटला कुलूप, आत बाभळी. काही वर्षांनी मालकाने भिंती घालून गाळे पाडले – टेलर, सायकलवाला, फोटो स्टुडिओ, चहावाला आणि आम्ही. गल्ली परत गजबजली. तरी लोक म्हणायचे, "डाईंगमधून दळण आण." कितीही चुना मारा, आमच्या मागच्या भिंतीवर निळा डाग परत यायचाच.

बाबा त्याच कारखान्यात जॉबर होते, म्हणजे मशीनवरचे मुकादम. रोलरच्या मशीनवर बाबांसकट सहा जण. बटण दाबायच्या आधी बाबा ओरडायचे, "हात?" मग एकेकाने हात वर करून ओरडायचं – "एक वर!" "दोन वर!" सहा झाल्याशिवाय मशीन चालू नाही; एखादा आकडा आला नाही, म्हणजे कोणाचा तरी हात अजून आत. डबा द्यायला जायचो तेव्हा ऐकलेलं. बाबांचा तो "हात?" माझा हिट आयटम होता.

त्या दिवशी लाईट गेली. गिरणीचा स्टार्टर बिघडलेला, म्हणून मोटर डायरेक्ट मेन स्विचला. लाईट गेली की स्विच पाडून बंद करायचा, नाहीतर लाईट येताच पट्टा आपोआप फिरणार – हे माझं काम. आईला वाटलं, मी पाडला. मला वाटलं, तिने पाडला असेल. ती पट्ट्यामागे हात घालून अडकलेली चिंधी काढायला लागली. बाबा बाहेर चहा पीत होते.

समोरून टेलर म्हणाला, "अरे टेप, कुछ सुना ना यार, बोर हो रहा है."

मी छाती फुगवली. "हा...त?"

"एक वर!"

टेलरकडे बघितलं. त्याचं तोंड उघडंच होतं, पण आवाज त्याचा नव्हता.

"दोन वर!" – निळ्या डागाकडून. "तीन वर!" "चार, हाथ ऊपर!" "पाच वर!" – हा तर पक्का किनाऱ्यावरच्या एडवणकडचा हेल!

मी हसलो. म्हटलं, कोणीतरी माझीच फिरकी घेतंय.

मग... शांत. सहा आलाच नाही.

बाहेर ग्लास फुटला. बाबा धावत आत आले, मला ढकललं आणि खाडकन मेन स्विच पाडला. त्याच क्षणी टेलरचा पंखा फिरायला लागला. लाईट आली होती! आमचा पट्टा जागचा हलला नाही. आणि आईचा हात... कोपरापर्यंत आत.

तिने हात बाहेर काढला तेव्हा बांगड्या वाजत होत्या. मी पिठातच बसलो.

बाबांनी पाचही आवाज ओळखले होते – मशीनवरच्या त्यांच्या पाच सोबत्यांचे. कारखाना बंद झाल्यावर ते सगळे आपापल्या गावी गेलेले, त्यातला एक तर वारलाही होता. 'पाच वर'वाल्या एडवणच्या काकांना मी नंतर जाऊन विचारलं. त्या दुपारी ते समुद्रात होते, बोटीवर. आजपर्यंत मला याचं उत्तर मिळालेलं नाही.

संध्याकाळी बाबा फुटले.

"आवाज माझा काडतस ना? मग मोजायला काय झालेलं? पाच झाले, सावा नाय आला, आईचा हात आत हाय – आनि तू दात काडत व्हतास!"

"पण बाबा, ते आवाज..."

"त्यांनी त्यांचं काम केलं. स्विच पाडायचं काम कोनाचं व्हतं?"