नदीमची ‘झडती’

किस्से जमवावे लागत नाहीत. एका खोलीत सहा कॉम्प्युटर, अकरा पोरं-पोरी आणि सतत जाणारी वीज असली की ते आपोआप साठतात. रत्नागिरीच्या आमच्या क्लासमधले तर ढीगभर आहेत. फक्त त्या प्रत्येकात शेवटी नदीमच भाव खाऊन जातो. सांगतोय मी, तरीसुद्धा!

२००२ साल. कोर्स संपताना प्रत्येकाने प्रोजेक्ट करायचा होता. मी तीन महिने घासून लायब्ररीचा प्रोग्रॅम केला. मिरकरवाड्याच्या नदीमने गेम केला, वीस मिनिटांत संपणारा. नाव ‘झडती’. आणीबाणीचे दिवस, पत्रकं वाटणारा एक पोरगा घरात लपलाय आणि पोलीस खोली-खोली शोधतायत. चित्रं कसली, तर जाडे जाडे चौकोन!

“हे काय जुनाट?” मी म्हणालो.

“भीती आवाजात असते रे. बस, खेळ.”

बसलो. दारावर थाप पडली आणि मी असा दचकलो की पायाने प्लगच उपटला गेला! दुसऱ्या दिवसापासून नदीमच्या मशीनपुढे रांग. त्याची जाहिरात मीच केली होती.

*

मग मी चूक शोधायला बसलो. चार दिवस खेळून सापडली. भाताच्या कणगीत शिरून बसलं की पोलिसांना पोरगा कधीच सापडत नाही!

सगळ्यांसमोर दाखवली. आता याचं तोंड उतरणार, अशी माझी खात्री.

“अरे, खरंच की!” नदीम खूश. संध्याकाळपर्यंत चूक दुरुस्त, आणि पहिल्या स्क्रीनवर झळकलं: ‘विशेष आभार – माझा मित्र सुहास.’

आठवडाभर जो तो माझं अभिनंदन करत होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड!

*

एकदा नदीमची अम्मी त्याचा डबा द्यायला आली आणि मागे उभी राहून गेम बघायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, “त्या पोराला कोणी जेवाय घालील का नाय? सकाळपासून नुसता धावतोय!”

नदीमने लगेच स्वयंपाकघरात भाताचं ताट ठेवलं. ते खाल्लं की पोरगा जरा जोरात पळायचा. सर म्हणाले, “याला म्हणतात कल्पकता!”

कल्पकता अम्मीची, मार्क नदीमला!

*

वैदेही देवरूखहून यायची. तिच्याशी बोलायचं धाडस मला सहा महिने झालं नव्हतं. एक दिवस तीच माझ्या टेबलापाशी आली. मी घाईघाईने लायब्ररीचा प्रोग्रॅम उघडला.

“तू नदीमचा मित्र ना रे?” तिने विचारलं. “त्याला सांग, शेवटची खोली फार कठीण आहे.”

*

कोर्सच्या शेवटी पालकांना प्रोजेक्ट दाखवायचे होते. माझे बाबा शाळामास्तर. आणीबाणीत ते नऊ महिने तुरुंगात होते, पण घरात त्यावर कधी शब्द निघायचा नाही.

माझा प्रोग्रॅम बघून बाबा “छान” म्हणाले आणि पुढे गेले. नदीमच्या मशीनपुढे मात्र खुर्ची ओढून बसले.

थाप पडली. बाबांनी कीबोर्डवरचे हात उचलले.

“काका, लपा! बाण दाबा, बाण!”

“लपून काय करू? मी अकरा दिवस माळ्यावर होतो,” बाबा म्हणाले. “शेवटी त्यांनी माझ्या आईला ठाण्यावर नेऊन बसवलं. तेव्हा उतरलो. दार उघडायचं बटण कुठलं?”

“ते... केलंच नाही काका.”

“मग कर. मी बसतो.”

मी मागे उभा. आजीला ठाण्यावर नेलं होतं, हे मला तेव्हा कळत होतं, तेही नदीमच्या गेममुळे! अंगाची अशी आग झाली की मी तिथून निघालोच.

दारापर्यंत पोचलो तेव्हा नदीम विचारत होता, “काका, दार उघडल्यावर काय झालं?”

“थांब जरा,” बाबा म्हणाले. “सुहासला हाक मार. त्याने मला कधी विचारलंच नाही.”