दोन लाखांची पावती

केशरबाईंबद्दल लिहावं एवढी माझी त्यांची ओळख नव्हती. सहा वर्षं आम्ही एका मंडळात होतो. मी नावाचा अध्यक्ष, त्या खजिनदार. तरी त्यांचं माहेर कुठलं, हे मला त्यांच्या दहाव्याला कळलं. मला लिहायची सवय नाही. पण बोलायचं तेव्हा बोललो नाही, म्हणून हे.

दिवाळीनंतर तेलगावातली माणसं ऊसतोडीला गेली की पोरं म्हाताऱ्यांजवळ राहतात. त्यांना संध्याकाळी गरम जेवण मिळावं म्हणून केशरबाईंनी मंडळ काढलं. पंचायतीनं खोली दिली. चाळीसेक पोरं जेवायची. भाकरी त्या स्वतः थापायच्या आणि हात धुऊन लगेच वहीत खर्च लिहायच्या.

वर्षाची जमा ठरलेल्या मर्यादेत असली, तर आमच्यासारख्या लहान संस्थेला ऑडिट लागत नाही. साधं हिशेबपत्रक करायचं, त्यावर आमच्या सह्या, की बीडच्या धर्मादाय कार्यालयात दाखल. ऑडिटची फी वाचायची, त्यात पोरांचं महिन्याचं तेल यायचं.

पाचव्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमाला अमरसिंह आले. मोठं घराणं, स्वतःची शिक्षणसंस्था. माईकवर त्यांनी दोन लाख जाहीर केले. आमच्याकडे आकडा जाहीर झाला की शाल-नारळाबरोबर पावतीही तिथंच हातात देतात; पैसे मागाहून येतात. केशरबाई मात्र पावतीपुस्तक छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"सुंदररावभाऊ, पैसे आल्याबिगर कशी फाडू?"

"फाडा हो बाई. एवढ्या मोठ्या माणसाला ताटकळत ठेवता का?" मी म्हणालो.

अमरसिंह हसले. "लई कडक हाय तुमची बाई! बँकेत असती तर आमाला कर्जच मिळालं नसतं."

सगळे हसले. मीही हसलो. केशरबाईंनी पावती फाडून त्यांच्या हातात दिली.

पैसे आले नाहीत. केशरबाई चार वेळा बंगल्यावर जाऊन आल्या. साहेब दर वेळी बाहेरगावी. वर्ष संपलं. न आलेले पैसे त्यांनी जमेत धरले नाहीत, त्यामुळे जमा मर्यादेतच राहिली, आणि त्यांनी नेहमीचं साधं पत्रक केलं. मी चष्मा न लावता सही केली.

दोन महिन्यांनी अमरसिंहांच्या माणसानं तक्रार दिली, सोबत ती पावती. देणगी लपवली, ऑडिट चुकवायला लहान संस्थेची सूट घेतली, असा आरोप. बीडला चौकशी लागली.

"पैसे आलेच नाहीत, तर पावती का दिली?" चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं.

केशरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी टेबलावरच्या शिक्क्यांकडे बघत राहिलो.

"माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही.

चौकशी अजून चालूच आहे. पंचायतीनं मात्र खोली लगेच काढून घेतली. आता तिथं अमरसिंहांच्या संस्थेचा कॉम्प्युटर क्लास आहे. पोरांचं जेवण बंद झालं ते झालंच. गावात केशरबाईंना 'दोन लाखवाली' म्हणू लागले. मी ते ऐकून पुढे जायचो. आखाडात त्या अंबाजोगाईच्या दवाखान्यात वारल्या. मी भेटायलाही गेलो नव्हतो.

शेवटचं बोलणं खोली रिकामी केली त्या दिवशीचं. परात आणि तवा त्यांनी पोत्यात बांधला, दाराला कुलूप लावलं.

"भाऊ, किल्ली पंचायतीत देता का? मी न्हाई जात तिकडं."

"देतो."

"कुलूप दाबून लावा म्हणावं. न्हाईतर उघडंच राहतंय."

"बरं. सांगतो," मी म्हणालो.