कढीपत्त्याला घातलेलं ताक

नर्सरीत गेल्यावर लोक विचारतात, याला फुलं कधी येतील, ऊन किती लागेल. मी विचारतो, हे विषारी आहे का? पुनावळ्यात हायवेच्या सर्व्हिस रोडवर जी नर्सरी आहे, तिथला माणूस मला आता लांबूनच ओळखतो. मी स्कूटर स्टँडवर लावेपर्यंत तो हसायला लागलेला असतो. "या राव, विषारी सगळी मागं लपवून ठेवलीत."

हसू दे. मी मुळातच भित्रा माणूस आहे. चाकणला मशीनवर काम करून मला बारा वर्षं झाली, पण मशीनचं दार लागलंय का हे दोनदा बघितल्याशिवाय मी अजून स्टार्टचं बटण दाबत नाही. शिफ्टमध्ये मला त्यावरून एक टोपणनाव पडलंय, ते इथे सांगणार नाही.

मुलगी रांगायला लागली तेव्हा ही भीती मशीनवरून घरातल्या कुंड्यांवर आली. बायकोच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने वास्तुशांतीला डिफेनबेकिया दिला होता, मोठ्या ठिपकेदार पानांचा, देखणा. त्याचा चीक तोंडात गेला तर जीभ सुजते, असं मी मोबाइलवर वाचलं आणि त्याच संध्याकाळी तो खाली सोसायटीच्या बागेत नेऊन ठेवला. कण्हेर तर दारातही आणू दिली नाही. मनी प्लँट हुकाला टांगला, तोही इतका उंच की पाणी घालायला स्टूल लागावं. बायको म्हणायची, "तुमच्या हातात असतं तर तुम्ही गवतालाही कुंपण घातलं असतं." शेवटी गॅलरीत उरलं ते असं: तुळस, ओवा, गवती चहा, कढीपत्ता आणि एक लाल जास्वंद. सगळी खाल्ली तरी चालतील अशी झाडं. मी त्यांचं करायचोही मनापासून. बोट पेराएवढं मातीत खुपसून बघायचो, ओल लागली तर पाणी नाही. कुंड्या दर आठवड्याला पाव फेरा फिरवायचो, म्हणजे झाड एकाच बाजूला वाकत नाही.

ही गोष्ट घडली त्या उन्हाळ्यात जास्वंदीला पांढरी कीड लागली. कापूस चिकटवल्यासारखी ती देठादेठावर बसते आणि बोटाने पुसली की चिकट होते. साबणाचं पाणी झालं, कडुनिंबाचं तेल झालं. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी पुन्हा जैसे थे. कंपनीत जेवायच्या सुट्टीत मी हे रडगाणं गात होतो, तेव्हा शेजारच्या मशीनवरचा एक जुना ऑपरेटर म्हणाला, "भावा, कूलंट मार की. मी गावाकडं वांग्यावर मारलं, एका दिवसात साफ."

कूलंट म्हणजे लोखंड कापताना हत्यार तापू नये म्हणून त्यावर सतत सोडतात ते पाणी. मुळात ते पिवळसर तेल असतं, पण पाण्यात मिसळलं की पांढरंशुभ्र होतं. आम्ही दिवसभर त्यात हात बुडवून असतो, म्हणूनच त्याची भीती वाटेनाशी होते. ज्या माणसाने झाडाच्या पानाला घाबरून आलेली भेट घराबाहेर काढली, तो मी, स्टोअरवाल्याकडून अर्धी बाटली ते तेल मागून घेऊन घरी आलो. माझ्या मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही.

आमची सुट्टी गुरुवारी असते. बायको चिंचवडला ऑफिसात गेली होती. घरी मी, चार वर्षांची मुलगी आणि माझी आई. आई लातूरहून मोतिबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली होती. ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते, काळा चष्मा घालून ती दिवसभर घरात चाचपडत फिरायची आणि मुलगी तिच्या पदराला धरून मागे मागे.

मी बादलीत कूलंट कालवलं. कंपनीत वीस भाग पाण्याला एक भाग घेतात. माझा किडीवर राग होता, मी चांगलं चौपट घेतलं. अर्धी जास्वंद फवारून झाली आणि पंपाचं तोंड तुंबलं. टाचणीने टोचून बघितलं, काही उपयोग झाला नाही. उरलेलं मिश्रण फेकवेना. बेसिनखाली डेअरीच्या ताकाची रिकामी बाटली होती, लिटरभराची. तिच्यात ते भरलं, झाकण घट्ट लावलं. गॅलरीत ऊन होतं, म्हणून बाटली आत आणून ओट्यावर ठेवली आणि नवा पंप आणायला गेलो. आईला सांगितलं, "अर्ध्या तासात येतो." बाटलीबद्दल काही बोललो नाही.

परत आलो तर ओट्यावर बाटली आडवी पडलेली. रिकामी.

मुलगी हॉलमध्ये फरशीवर बसून चित्र रंगवत होती. मी विचारलं, "आई, या बाटलीतलं काय झालं?"

"ते ताक व्हय? जेवल्यावर लेकरू ताक दे म्हनलं म्हनून गिलासात वतून दिलं. येक घोट घेतला आन् थुकायला लागली. कडू लागायलंय म्हनली. नासलंय म्हनून मंग बाटलीतलं समदं कढीपत्त्याला घातलं."

आमच्याकडे आंबट झालेलं ताक कुणी फेकत नाही, कढीपत्त्याच्या मुळाशी घालतात. त्याने पाला वाढतो. मी स्वतः कितीतरी वेळा घातलंय. पण त्या क्षणी मला एवढंच ऐकू आलं की मुलीने ते तोंडाला लावलं.

मी ओट्याला धरून उभा होतो आणि समोर माझी मुलगी सूर्याला हिरवा रंग देत होती. मग मी धावलो. मिठाचं पाणी केलं, तिच्या तोंडाला पेला लावला, ओरडलो, "पी, आणि ओक!" ती घाबरली, तिने दात गच्च आवळले आणि रडायला लागली. मी बोटाने तोंड उघडायला गेलो तर कडकडून चावली. आई मागून विचारत होती, "काय झालं रे? ताकात काय होतं?" मी सांगितलं तशी ती भिंतीला टेकली. मी मुलीला उचललं, आईच्या हाताला धरलं आणि दार उघडंच टाकून खाली रिक्षा पकडली.

रिक्षात मी मुलीच्या तोंडाला नाक लावून वास घेत होतो. येत होता. मशीनचा वास, जो मी रोज कपड्यांना लावून घरी आणतो, तो तिच्या श्वासाला येत होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण शांत होत्या. त्यांनी मुलीची छाती तपासली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. समोरच्या पडद्यावर आकडा आला, सत्याण्णव. "उलटी करवलीत का?"

"प्रयत्न केला. प्यायलीच नाही पाणी."

"नशीब तुमचं," त्या म्हणाल्या. "पोटात गेलेलं तेल एकवेळ परवडतं. पण वर येताना ते श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसं निकामी करतं." मी माझ्या बोटावरच्या दातांच्या खुणांकडे बघत राहिलो. तिला वाचवायला म्हणून जे करायला निघालो होतो, त्यानेच ती गेली असती.

त्यांनी कंपनीतल्या कूलंटच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो मागवायला सांगितला. मी स्टोअरवाल्याला फोन केला, त्याने दोन मिनिटांत पाठवला. तो वाचून त्यांनी विचारलं, "प्यायली किती? सगळं त्यावर अवलंबून आहे. एखादा घोट असेल तर सहा तास लक्ष ठेवू आणि घरी सोडू. जास्त असेल तर आत्ताच मोठ्या हॉस्पिटलला हलवावं लागेल."

"येकच घोट," आई म्हणाली.

मला खरं वाटेना. माझ्या आईची रीत मला माहीत आहे. लहानपणी मी झाडावरून पडलो तेव्हा तिने वडिलांना सांगितलं होतं, जरासं खरचटलंय, आणि माझा हात मोडला होता. वाईट बातमी ती नेहमी अर्धी करून सांगते. लिटरची बाटली रिकामी होती आणि माझ्याकडे तिच्या शब्दाशिवाय काही नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या भाभींचा फोन आला. त्यांच्या यजमानांचं आकुर्डीला गॅरेज आहे, आमचं जाणं-येणं रोजचं. "भाऊ, दरवाजा खुला टाकून कुठं गेलात? सगळं ठीक आहे ना?" मी कसंबसं सांगितलं आणि म्हणालो, "भाभी, आधी गॅलरीत जा. कढीपत्त्याची कुंडी बघा."

त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. "हो भाऊ, खालची थाळी पूर्ण भरलीय. सफेद पाणी. बाहेरपण वाहून गेलंय."

माझा जीव जरा भांड्यात पडला. "आणि ओट्यावर ग्लास आहे का?"

"आहे."

"किती भरलाय?"

त्यांनी ग्लास उचलून बघितला. "आधा आहे, भाऊ. वरपर्यंत भरला होता वाटतं, पांढरी लकीर दिसतेय. आता आधा."

अर्धा ग्लास. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्यांचाही चेहरा बदलला. मी आईकडे वळलो. सगळी भीती, सगळा राग, माझी स्वतःची चूक, सगळं मी तिच्या अंगावर टाकलं. भरल्या दवाखान्यात ओरडलो, "अर्धा ग्लास पाजलास तिला! आणि वर खोटं बोलतेस?"

"तसं न्हाई रे, ऐक की, तिनं येकच... बाकीचं मी..."

"तू गप्प बस! एक शब्द बोलू नकोस आता!"

ती गप्प बसली. काळ्या चष्म्यामागे तिचे डोळे मला दिसले नाहीत. तिने पदर तोंडाला लावला आणि कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. मोठ्या हॉस्पिटलशी फोनवर बोलून त्यांनी ठरवलं, तासभर बघू, आकडा उतरला तर लगेच हलवू. तो तास मी आकड्याकडे बघत काढला. शहाण्णव. सत्याण्णव. शहाण्णव. बायको ऑफिसातून धावत आली. ती मुलीचे पाय मांडीवर घेऊन बसली. दुसरा तास गेला, तिसरा गेला. मुलगी कंटाळली, बिस्कीट मागायला लागली. कोपऱ्यातून आईच्या खोकल्याचा आवाज येत होता, कोरडा, दाबलेला. खरं सांगतो, मला त्या खोकल्याचा राग येत होता. मला मुलीचा श्वास ऐकायचा होता आणि मधे तो खोकला येत होता.

संध्याकाळी दुसरा एक्स-रेही चांगला आला. डॉक्टरीणबाई हसल्या. "अर्धा ग्लास गेला असता तर एव्हाना कळलं असतं. हिने खरंच एखादाच घोट घेतलाय." त्यांनी मुलीच्या बोटावरचा चिमटा काढला. मी देवाचं नाव घेतलं, बायको रडली, आणि मुलगी पलंगावरून उडी मारून सरळ कोपऱ्याकडे पळाली.

"आजी, तू ते कडू ताक एवढं कसं प्यायलीस गं?"

डॉक्टरीणबाई दारात थांबल्या.

आई म्हणाली, "काय न्हाई बाई. लेकरू नखरे करायलंय असं वाटलं. बग, आजी पिती, असं म्हनून पिऊन दावलं. मंग कळलं नासलंय म्हनून." बोलता बोलता तिला खोकला आला आणि या वेळी तो थांबेना. तिने पदर बाजूला घेतला तेव्हा तिचे ओठ मला काळसर दिसले.

"आजी, नंतर उलटी झाली होती का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झाली की. न्हाणीत. घरातनं निघायच्या आधी."

चिमटा आता आईच्या बोटाला लागला. आकडा आला, एकोणनव्वद. कुणीतरी ऑक्सिजनचा मास्क आणून तिच्या नाकावर लावला. बायको मुलीला घेऊन बाहेर गेली. डॉक्टरीणबाई फोनवर अँब्युलन्स मागवत होत्या आणि मी आईच्या पलंगाशी उभा होतो. सहा तास ती माझ्यापासून दहा पावलांवर बसलेली होती.

मी तिचा हात धरला. "आई, सांगायचं नाहीस का गं?"

तिने नाकावरचा मास्क बोटाने जरा उचलला. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती फक्त विचारलेल्याचं उत्तर देत होती.

"तूच गप बस म्हनलास की, बाळा."